तांबड्या द्राक्षाची साक्ष

संस्कृत साहित्यशास्त्रांत काव्याच्या परिपक्वतेला ‘पाक’ म्हणतात, आणि या पाकांना फळांचीं नांवें देण्याची चाल फार जुनी आहे. त्यांपैकीं द्राक्षापाक आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेला असेल. परंतु या एकाच नांवाखालीं दोन निराळ्या कल्पना नांदत आल्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. चौदाव्या शतकाच्या आरंभीं वरंगळच्या काकतीय दरबारांत विद्यानाथानें ‘प्रतापरुद्रीय’ रचलें. त्याच्या मतें ज्या काव्याचा रस आंतूनबाहेरून सारखाच स्फुरतो त्याचा पाक द्राक्षाचा. त्याच्याही सुमारें चारशें वर्षें आधीं राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त नऊ पाक सांगितले, त्यांतील मृद्वीकापाक, म्हणजे द्राक्षाचाच पाक, आरंभीं बेचव आणि परिणामीं स्वादिष्ट असा आहे. एका पंडितानें द्राक्षाची काया पाहिली, दुसऱ्यानें त्याचा काळ पाहिला.

हा भेद साहित्यशास्त्रांतला असला तरी त्याचा निकाल फळबाजारांत लागण्यासारखा आहे. तांबड्या द्राक्षांचा घड हातांत घेणारा मनुष्य नकळत या दोघांपैकीं एकाचा अनुयायी असतो. घड लालभडक दिसला कीं तो आंतूनही तसाच गोड असेल असें धरून चालणारा विद्यानाथाच्या पंथाचा; रंग पाहूनही ‘याला वेलीवर पुरते दिवस मिळाले काय?’ असें विचारणारा राजशेखराच्या पंथाचा. पहिल्या पंथाचे लोक संख्येनें फार, आणि बाजार त्यांच्याच पसंतीवर चालतो. तथापि द्राक्षाचा इतिहास पाहतां राजशेखराचाच पक्ष खरा ठरतो, असें आम्हांस वाटतें. पूर्वीं द्राक्षाच्या पक्वतेविषयीं साक्ष देणारे बरेच जण होते: त्याचा मुलूख, त्याचा ऋतु, त्याची बी, त्याचा रंग, त्याचा देठ, आणि शेवटीं खाणाऱ्याची जीभ. यांतील एकेक साक्षीदार कसा मुका होत गेला, आणि आज कोणाला विचारावयाचें उरलें आहे, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या फळाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपण महाराष्ट्रीय लोक आंब्यावर वाढलेले. त्यामुळें फळ कच्चें उतरवून घरीं पिकवितां येतें ही समजूत आपल्या हाडींमांसीं खिळली आहे. आंबा आढींत घालावा, केळ्यांचा घड टांगून ठेवावा, चिकू तांदळांत पुरून ठेवावा, आणि चार दिवसांनीं त्यांची गोडी चाखावी. द्राक्षाला मात्र आढी नाहीं. वेलीपासून तोडल्या क्षणीं त्याच्यांत जी गोडी असेल तीच त्याची सगळी पुंजी. पुढें तें सुकेल, सुरकुतेल, सडेल, परंतु अधिक पिकणार नाहीं. आंबट द्राक्षांची पेटी घरीं आणून ‘दोन दिवसांनीं गोड होतील’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाची निराशा ठरलेली आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. द्राक्षाचा मणी पहिले कित्येक आठवडे हिरवा, कठीण आणि अत्यंत आंबट असतो. मग थोड्याच दिवसांत तो मऊ पडूं लागतो, आणि तांबड्या जातींत सालीवर रंग चढूं लागतो. आमचे नाशिककडील बागाईतदार या अवस्थेला ‘मण्यांत पाणी उतरलें’ असें म्हणतात, आणि यापेक्षां नेमका शब्द आम्हांस ठाऊक नाहीं. येथून पुढें कित्येक आठवडे मण्यांत साखर सांठत जाते आणि आंबटपणा कमी होत जातो. तेव्हां रंग पिकण्याचा प्रारंभ सांगतो, समाप्ति सांगत नाहीं. शिवाय हा रंग बहुतेक जातींत सालीपुरताच असतो. लालबुंद मणी चिरला तरी आंतला गर फिकट हिरवट निघतो. आंतूनबाहेरून सारखें असण्याची विद्यानाथाची कल्पना या फळाला लागू पडत नाहीं ती अशी.

आतां इतिहासाकडे वळूं. प्राचीन भारतीयांना द्राक्ष ओळखीचें होतें, परंतु तें वायव्येकडचें म्हणून. पाणिनीनें कापिशी या नगरीच्या नांवावरून ‘कापिशायन’ शब्द साधून दिला आहे, आणि काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें देतांना तेथील मद्य आणि तेथील द्राक्ष हींच घेतलीं आहेत. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील बेग्रामचा परिसर. कौटिल्यानेंही द्राक्षांच्या मद्याचे प्रकार मुलखांच्या नांवांवरून सांगितले आहेत. कालिदासाच्या रघूनें पारसीकांना जिंकलें तेव्हां त्याच्या सैनिकांनीं श्रमपरिहार केला तो द्राक्षवेलींनीं वेढलेल्या भूमीवर, असें ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गांत वर्णिलें आहे. चरकाच्या फळवर्गांत द्राक्षाला मानाचें स्थान आहे खरें, पण गंगातीरच्या सामान्य मनुष्याच्या वांट्याला तें बहुधा सुकलेलेंच येत असावें. अर्थात् ताजें द्राक्ष म्हटलें कीं त्याच्याबरोबर एक मुलूख आणि एक ऋतु चिकटलेला असे. तें कोठलें आणि कोणत्या महिन्यांतलें हें कळलें कीं त्याची निम्मी परीक्षा झाली.

मोगलांच्या काळांत ताज्या द्राक्षाची ओढ राजदरबारीं पोंचली. बाबराला हिंदुस्थानांत जें कमी वाटलें त्याची यादी त्यानें आपल्या आत्मचरित्रांत स्पष्ट दिली आहे, आणि चांगलीं द्राक्षें व खरबुजें नसणें ही तींतील एक मोठी तक्रार आहे. पुढें आग्र्याच्या ‘हश्त बिहिश्त’ बागेंत त्यानें वेली लावविल्या, आणि त्यांना बरीं द्राक्षें आलीं तेव्हां झालेला आनंदही नोंदविला. अकबराच्या अमदानींत अबुल फजल ‘आईन-ई-अकबरी’मध्यें सांगतो कीं काबूल, कंदाहार आणि काश्मीर जिंकल्यापासून फळांच्या ओझ्यांची रीघ लागली आणि दुकानें वर्षभर भरलेलीं राहूं लागलीं. औरंगजेबाच्या वेळीं दिल्लींत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानें हिवाळ्यांत परमुलखांतून येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ताज्या द्राक्षांचें वर्णन केलें आहे. तीं कापसांत गुंडाळून येत, आणि त्यांची किंमत भारी असे.

कापसाची ही गुंडाळणी क्षुल्लक नव्हे. द्राक्षाचे शत्रु मुख्यतः दोन: दाब आणि ओल. एक मणी फुटला कीं त्याचा रस शेजाऱ्याला लागतो, तेथें बुरशी धरते, आणि घडच्या घड नासतो. कापूस दाब झेलतो आणि ओल शोषतो. परंतु कापसाचा खरा उपयोग होण्यास मूळ घड निवडक हवा. उंटावरून नि खेंचरावरून खिंडी ओलांडून येणाऱ्या मालांत कच्चा घड भरणें हें व्यापाऱ्याच्या हिताचें नव्हतें. कारण वाटेंत तो पिकणार नाहीं हें त्याला पुरतें माहीत असे, आणि एवढी वाहतूक करून आंबट फळ विकलें तर पुढच्या वर्षीं दारांत कोण उभें करणार? दूरचें अंतर हेंच त्या काळीं प्रामाणिकपणाचें कारण होतें.

याहूनही नवलाची युक्ति खुद्द अफगाण खेड्यांतली आहे. काबूलच्या उत्तरेकडील गांवांत माती आणि भुसा कालवून वाडग्यासारखीं दोन भांडीं करतात आणि तीं उन्हांत वाळवितात. एकांत किलो-दोन किलो द्राक्षें ठेवून दुसरें त्यावर पालथें घालतात, आणि सांधा ओल्या मातीनें लिंपून टाकतात. या मातीच्या डब्याला कंगीना म्हणतात. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागीं ठेवलेला कंगीना पांच-सहा महिन्यांनीं, म्हणजे नवरोजच्या सुमारास, फोडला तर आंतलीं द्राक्षें ताजीं निघतात. येथें कामास येतें तें ताइफी नांवाचें जाड सालीचें तांबडें द्राक्ष. तें हंगामाच्या शेवटीं, वेलीवर पुरतें पिकल्यावर तोडतात. ज्या घडांत एक मणी ठेंचलेला, त्याला कंगीन्यांत जागा नाहीं. निवड करणारा मनुष्य प्रत्येक घड हातांत फिरवून पाहतो, कारण झांकण एकदां लिंपलें कीं चूक सुधारण्याची सोय नाहीं. द्राक्षपरीक्षेची याहून कडक शाळा आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

एल्फिन्स्टन साहेबांचें नांव मुंबई इलाख्याच्या इतिहासांत गव्हर्नर म्हणून कोरलेलें आहे. परंतु त्यापूर्वीं १८०९ सालीं ते वकील म्हणून पेशावरास गेले होते, आणि काबूलच्या राज्यावरील १८१५ च्या त्यांच्या ग्रंथांत त्या देशाच्या फळफळावळीला ऐसपैस जागा मिळाली आहे. पुढें खोजकच्या बोगद्यांतून चमनपर्यंत रेल्वे गेली, आणि कंदाहारकडचीं द्राक्षें आगगाडीनें उत्तर हिंदुस्थानांत येऊं लागलीं. रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ ही कथा १८९२ ची. तींतल्या रहमतच्या हातांत द्राक्षांच्या पेट्या आहेत, हें वाचकांस आठवेल. द्राक्ष म्हटलें कीं काबुली, आणि काबुली म्हटला कीं हिवाळा, हें समीकरण तोंवर शाबूत होतें.

मग आमच्या दख्खनचें काय? येथें द्राक्ष नव्हतें असें नव्हे. १३४२ सालीं दिल्ली सोडून चीनच्या वाटेला लागलेला इब्न बतूता दौलताबादेस आला होता; तेथें द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें तो लिहितो. हें दोनदां येणेंच मोठें मार्मिक आहे. थंड मुलखांत द्राक्षवेल हिवाळ्यांत पानें गाळून निजते आणि वसंतांत एकदांच फुटते. दख्खनमध्यें तिला नीज कशी ती नाहीं; जेव्हां कापावी तेव्हां ती फुटते. म्हणून आमच्या बागाईतदारानें तिला ऋतूची शिस्त कात्रीनें लावली. एप्रिलच्या सुमारास एक छाटणी करावयाची, तिचें नांव खरड छाटणी. हिच्यांत फळ घ्यावयाचें नाहीं, पुढल्या पिकासाठीं काडी तयार करावयाची. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, तिचें नांव गोडी छाटणी. हिचें फळ माघ-फाल्गुन-चैत्रांत उतरतें. पावसाळ्यांत पिकणारें फळ आंबट आणि रोगट होतें हें पिढ्यांच्या अनुभवानें कळल्यावर दोन पिकांचा मोह सोडून एकच गोड पीक घेण्याचा निश्चय ज्या शब्दांत उतरला तो हा ‘गोडी’ शब्द. राजशेखराचा सिद्धांत येथें कात्रीच्या भाषेंत सांगितला आहे, असें म्हटलें तर चालेल.

जुन्या काळीं या बाजूला भोकरी व फकडी हीं फिकट हिरवीं, बियांचीं द्राक्षें होत. साहेबी, हबशी हीं नांवेंही ऐकूं येत. पण तांबडें द्राक्ष दख्खनला कधीं फारसें धार्जिणें झालें नाहीं, आणि याचें कारण हवेंत आहे. सालींतील तांबडा रंग तयार होण्यास उन्हाबरोबर रात्रीचा गारवा लागतो. कंदाहार किंवा काबूलकडे फळ पिकतें त्या दिवसांत दुपार तापलेली आणि रात्र थंड; आमच्याकडे फळ पिकतें त्या दिवसांत उन्हाळा तोंडावर आलेला. थंडी सरली कीं तांबड्या जातींचे मणी अर्धे लाल, अर्धे हिरवट गुलाबी असे डागाळलेले राहतात. साखर भरलेली असते, पण रंग नसतो. उत्तरेंत रंग साखरेच्या आधीं पळतो, दक्षिणेंत साखर रंगाला मागें टाकते. दोन्हीकडे दोघांचा मेळ आपोआप बसत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत द्राक्षाची जी क्रांति झाली ती म्हणून हिरव्या द्राक्षाची झाली, आणि तिची वंशावळ मोठी गमतीची आहे. पश्चिम आशियांतील किसमिस, ज्याला सुलताना असेंही म्हणतात, तें बिनबियांचें द्राक्ष अमेरिकेंत गेलें. तेथें कॅलिफोर्नियांतील विल्यम थॉम्पसन या गृहस्थानें तें १८७० नंतरच्या दशकांत लावलें, आणि तें ‘थॉम्पसन सीडलेस’ झालें. तेंच पुढें नाशिक, सांगली, सोलापुराकडे आलें. सांगली जिल्ह्यांतील बोरगांवच्या वसंतराव आर्वे यांनीं त्याच्यांतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात घरोघर पोंचली. म्हणजे खैबरखिंडीच्या पलीकडचें द्राक्ष खिंडीनें न येतां अर्धी पृथ्वी फिरून दख्खनमध्यें स्थिरावलें.

या क्रांतीनें गरीबाच्या मुखीं द्राक्ष घातलें. पूर्वीं ‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही म्हण पुष्कळांच्या तोंडीं द्राक्ष चाखण्याच्या आधीं आलेली असे. आज फाल्गुनांत खेड्याच्या आठवडे-बाजारांतही हातगाडीवर घड लटकलेले दिसतात. याबद्दल बागाईतदारांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु याच वेळीं एक साक्षीदार मुका झाला. बियांचें द्राक्ष चिरून पाहिलें कीं बी हिरवट आहे कीं तपकिरी हें दिसे. बी तपकिरी झाली, म्हणजे वेलीनें आपलें काम पुरें केलें. मग फळ पिकलें असें खुशाल समजावें. बी गेली, खाणें सोपें झालें, आणि हा पुरावाही तिच्याबरोबर गेला.

पुढची पाळी रंगाची. कॅलिफोर्नियांत ‘एंपरर’ नांवाचें तांबडें, बियांचें, उशीरा पिकणारें द्राक्ष एके काळीं लाकडाच्या भुशांत भरून दूरवर पाठवीत. स्पेनच्या अल्मेरिया बंदरांतून द्राक्षें बुचाच्या भुशांत भरून पिपांतून जात. हीं दोन्हीं काबुली कापसाचींच भावंडें. पण लोकांना बीं नको झाल्यावर तांबड्या रंगाचें बिनबियांचें द्राक्ष निपजविण्याचा उद्योग सुरू झाला. अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यानें फ्रेस्नो येथें तयार केलेलें ‘फ्लेम सीडलेस’ १९७३ सालीं बाहेर पडलें. त्याच्या कुळांतही आपला किसमिस आहे. डेव्हिस येथील विद्यापीठांत प्राध्यापक ओल्मो यांनीं सिद्ध केलेलें टपोरें, बियांचें ‘रेड ग्लोब’ १९८० सालीं आलें. १९८९ सालीं फ्रेस्नोहूनच ‘क्रिमसन सीडलेस’ आलें. त्याच्या आईबापांपैकीं एक तें जुनें एंपरर. आज आपल्या बाजारांत जें तांबडें द्राक्ष दिसतें तें बहुतेक या तिघांपैकीं किंवा त्यांच्या मागून आलेल्या जातींपैकीं.

या जाती उष्ण हवेंत नीट रंगत नाहींत, आणि बाजार रंगाशिवाय भाव देत नाहीं. या कात्रींतून सुटण्यासाठीं शास्त्रानें वाट काढली. पाणी उतरण्याच्या वेळीं इथेफॉनचा फवारा दिला तर सालींत रंग भरतो. अलीकडे ॲब्सिसिक आम्लही याच कामीं वापरतात. यांत कोणाला फसविण्याचा उद्देश असतो असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घडांत साखर भरून रंग रेंगाळला आहे त्याला रंग चढविणें हा योग्य उपचार होय. पण या उपचारानें रंग जितका वाढतो तितकी साखर वाढत नाहीं. म्हणून ज्याला उतावीळ आहे त्याच्या हातीं तेंच साधन कच्च्या घडाला पक्क्याचें सोंग देतें. पूर्वीं रंग अर्धवट तरी साक्ष देई. आतां त्याची साक्ष पढविलेली असण्याचा संभव आहे.

राहिला ऋतु आणि मुलूख. शीतगृहें, थंड डब्यांच्या आगबोटी, आणि पेटींत ठेवलेली गंधकाच्या धुराची चकती यांनीं कापूस, माती आणि भुसा या तिघांना निवृत्त केलें. कॅलिफोर्नियांत गंधकाच्या धुराचा प्रयोग गेल्या शतकाच्या विसाव्या दशकांतच सुरू झाला होता. आज दक्षिण गोलार्धांतील चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका येथील द्राक्षें समुद्र ओलांडून जगभर जातात, आणि श्रावणांतही पुण्या-मुंबईच्या दुकानांत तांबडा घड चमकतो. तो कोठला, केव्हां तोडलेला, किती दिवस थंडींत निजलेला, हें त्याच्या तोंडावर लिहिलेलें नसतें. काबुल्याच्या पेटीनें जें आपोआप सांगितलें असतें तें आतां विचारावें लागतें.

मग खाणाऱ्यानें काय करावें? आमच्या मतें दोन साक्षीदार अद्याप फितूर झालेले नाहींत: देठ आणि जीभ.

देठ वय सांगतो. घडाचा मुख्य देठ हिरवा, लवचिक असेल तर तोड ताजी. तपकिरी, वाळका, मोडतां कट्‌कन् मोडणारा असेल तर घड जुना. मणी देठाला चिकटतो त्या जागीं सुरकुत्या किंवा तपकिरी ओल दिसली तर तो घड टाकावा. घड उचलून हलकेच हालवावा. मणी गळूं लागले तर त्याचे दिवस भरले आहेत. फ्रान्समध्यें थोमरी गांवचे माळी घड काडीसकट कापून काडीचें टोंक कोळसा घातलेल्या पाण्याच्या बाटलींत बुडवून ठेवीत, आणि तशीं द्राक्षें वसंतापर्यंत पुरवीत. ताज्या देठाचें मोल त्यांनीं जाणलें होतें. सालीवर जी पांढुरकी, धुरकट झांक असते ती धूळ नव्हे, कीं भुरी रोगही नव्हे. तें मण्यानें स्वतः धारण केलेलें मेण आहे. ती झांक शाबूत असेल तर त्या घडाला फार हात लागलेले नाहींत असें समजावें. चकचकीत पुसलेल्या घडापेक्षां धुरकट घड अधिक विश्वासाचा.

देठाजवळचा रंगही पाहावा. मण्याचें पोट लाल आणि देठाकडचा भाग हिरवा असेल तर संशय धरावा. मणी टणक असावा पण दगड नसावा. आणि येथें जिभेचें काम येतें. घडाचा वरचा, खांद्याकडचा भाग साधारणतः आधीं गोड होतो आणि शेंडा मागाहून. म्हणून विक्रेता वरचा मणी देऊं लागला तरी आपण शेंड्याचा मागून घ्यावा. शेंडा गोड असेल तर सगळा घड गोड. शेंडा आंबट असेल तर खांद्याच्या गोडीवर भुलूं नये. निर्यातीच्या वखारींत हीच परीक्षा रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या यंत्रानें होते, आणि रसाच्या शंभर भागांत सोळा-अठरा भाग गोडी असली म्हणजे माल सामान्यतः पसंत पडतो. यंत्र अचूक खरें. पण नुसती साखर मोजणाऱ्या यंत्राला आंबट-गोडाचा तोल कळत नाहीं, तो जिभेला कळतो.

चांगला घड मिळाल्यावर त्याचा मान राखणें हेंही रसिकतेचें अंग आहे. आणल्याबरोबर धुऊन ठेवूं नये, कारण ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. न धुतां थंड जागीं ठेवावा आणि खाण्याच्या वेळीं वाहत्या पाण्यानें नीट धुवावा. बर्फासारखा थंड असतां खाऊं नये. गारठ्यानें वास आणि गोडी दोन्हीं बधिर होतात, म्हणून थोडा वेळ बाहेर राहूं द्यावा. तांबड्या द्राक्षाचें वैशिष्ट्य सालींत आहे. तिच्यांत एक बारीकसा तुरटपणा असतो, आणि गराच्या गोडीला तो सांवरून धरतो. साल थुंकून टाकणारा मनुष्य तांबड्या द्राक्षाचे पैसे देऊन हिरवें द्राक्ष खातो.

आतां एक गोष्ट, जिच्यासाठीं हा सगळा प्रपंच केला. पाणी उतरल्यापासून पुरतें पिकेपर्यंतचे जे आठवडे, ते कोणाच्या जिवावर जातात? ते बागाईतदाराच्या जिवावर जातात. गोड होत चाललेल्या मण्याची साल ताणलेली असते. अवकाळी पावसाची एक सर आली कीं मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली तींत उभ्या बागा झोडपल्या गेल्या, आणि वर्षाचें कर्ज डोक्यावर घेऊन शेतकरी मांडवाखालीं उभे राहिले. अशा मनुष्यानें आणखी आठ दिवस थांबावें असें आपण म्हणतों, तेव्हां त्या आठ दिवसांचा धोका तो एकटा घेतो. आणि थांबून मिळणार काय? व्यापारी रंग आणि टपोरेपणा पाहून भाव देतो, कारण पुढें गिऱ्हाईकही तेंच पाहतें. जो घाईनें तोडतो त्याला आणि जो थांबतो त्याला एकच भाव मिळत असेल, तर थांबणारा किती वर्षें थांबेल?

काबुली व्यापारी कच्चा माल भरीत नसे तो कांहीं साधु म्हणून नव्हे. गिऱ्हाईक चाखून घेत होतें, आणि आंबट निघाल्यास त्याचें येणें बंद होत होतें म्हणून. कंगीना लिंपणारा शेतकरी निवडक घड घेई तो स्वतःला नवरोजला तोच फोडून खावयाचा होता म्हणून. दोन्हीकडे तोडणारा आणि खाणारा यांच्यामध्यें एक नातें होतें, आणि त्या नात्यामुळें पिकण्याचे दिवस मोजले जात. आज तें नातें लांबलें आहे, मध्यें दहा हात आले आहेत. पण तुटलेलें नाहीं. शेंड्याचा मणी मागून चाखणारें गिऱ्हाईक, आंबट घड नम्रपणें परत ठेवणारें गिऱ्हाईक, आणि फिक्या रंगाच्या पण गोड घडाला पुरा दाम देणारें गिऱ्हाईक, हीं हजारांनीं निपजलीं तर ती खबर मांडवाखालीं पोंचल्याशिवाय राहणार नाहीं. आरंभीं बेचव, परिणामीं स्वादिष्ट, असें राजशेखरानें सांगितलें. त्या ‘परिणामा’पर्यंत वाट पाहण्याची किंमत शेतकऱ्यानें एकट्यानें कां भरावी? तिचा आपला वांटा आपण दुकानाच्या फळीपाशीं उभें राहून भरावयास हवा, आणि तो भरण्याची रीत डोळे मिटून एक मणी तोंडांत टाकण्यापासून सुरू होते.